सासूबाईंच्या गुडघ्याच्या मापाची पायरी

वाचकाचं पत्र

ताई, माझे यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले. हौसेनं एक जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली आणि तिची कॅरव्हॅन करून घेतली. आत पलंग, ओटा, पंखा सगळं छान जमलंय. अडलंय ते दारात. उंबरा जमिनीपासून २५ इंच वर आहे. गॅरेजवाल्यानं १० इंचांचा प्लास्टिकचा स्टूल दिला आणि म्हणाला, चालून जाईल. दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा सासूबाई त्यावरून चढल्या, पण उतरताना स्टूल सरकला. मुलानं धरलं म्हणून वाचल्या. त्या ७८ वर्षांच्या आहेत, उजवा गुडघा दुखतो, मोतीबिंदूचं एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून म्हणतात, "तुम्ही जाऊन या बाप्पा, मी काऊन येऊ मधात?" मुलगा म्हणतो, बटणावर बाहेर येणारी इलेक्ट्रिक पायरी मागवू. यजमान म्हणतात, वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी करून घेऊ. त्रिपुरी पौर्णिमेला त्यांना रामटेकला न्यायचं मनात आहे. तीनच आठवडे उरलेत. काय करावं?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या सासूबाईंच्या त्या "काऊन येऊ" पाशी मी बराच वेळ थांबले. माझी आई हेच म्हणायची, आणि ती तसं म्हणायला लागली ती मी घेतलेल्या एका चुकीच्या पायरीमुळे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वेळ कमी आहे म्हणून निर्णय आधी सांगते. इलेक्ट्रिक पायरी मागवू नका. यजमानांचं ऐका, पण पूर्ण नको. पायरी इथंच करून घ्या, मात्र ती बारीक लोखंडी शिडी नसावी. तीन पायदानांची, ऐसपैस रुंद, गाडीपासून सुटी होणारी आणि पाय कमी-जास्त करता येणारी असावी. आणि पायरीच्याही आधी दारापाशी धरायला दांडा बसवून घ्या.

आता दसऱ्याला काय झालं ते बघू. उंबरा २५ इंचांवर, स्टूल १० इंचांचा. म्हणजे पहिलं पाऊल १० इंचांचं आणि दुसरं १५ इंचांचं. आपल्या घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंच उंच असते. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार घरातली पायरी १९ सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साडेसात इंचांपेक्षा उंच नसावी, आणि लोकांची वर्दळ असलेल्या इमारतीत १५ सेंटीमीटरपेक्षा नसावी. तुमच्या सासूबाईंना आपण त्या साडेसात इंचांच्या दुप्पट उंचीवरून दुखऱ्या गुडघ्यानं खाली उतरायला लावलं. चढताना माणूस हातानं ओढून, दम लावून कसाबसा वर जातो. उतरताना मात्र मागे राहिलेला एकटा गुडघा सगळं वजन तोलत हळूहळू वाकतो, आणि पायरी जितकी उंच तितका तो जास्त वाकावा लागतो. गुडघेदुखीची माणसं चढण्यापेक्षा उतरायला घाबरतात ती याचमुळे. त्यात पाऊल स्टुलाच्या कडेवर पडलं असेल, आणि हलका स्टूल निघाला. सासूबाईंची यात काही चूक नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून एकदा स्पष्ट कळू द्या. पडता पडता वाचलेलं म्हातारं माणूस मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत बसतं.

गणित सोपं आहे. उंबऱ्याच्या उंचीला चारनं भागा. २५ भागिले ४ म्हणजे सव्वासहा इंच. मध्ये तीन पायदानं ठेवली की जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंत चार सारखी पावलं होतात, प्रत्येक सव्वासहा इंचांचं. दोनच पायदानं केली तर पाऊल सव्वाआठ इंचांच्या वर जातं. ते तुम्हाला-मला चालेल, त्यांना नाही. यजमान म्हणतील की तीन पायदानांचं धूड ठेवायचं कुठं. त्याचं उत्तर पुढे देते.

"सारखी" या शब्दावर मी अडून राहीन. पहिली पायरी उतरली की पाय पुढचीचं माप गृहीत धरतो, डोळे बघायच्या आधी. एखादी पायरी इंचभर जरी कमी-जास्त असली तरी पाय हवेत फसतो किंवा ठेचकाळतो. एका डोळ्याला अजून मोतीबिंदू असलेल्या माणसाला खोलीचा अंदाज आधीच कमी येतो, त्यांचा भरवसा पायाच्या या सवयीवरच असतो. वेल्डिंगवाल्याला सांगाल तेव्हा एकूण उंची सांगून मोकळ्या होऊ नका, प्रत्येक पायदानाची उंची कागदावर लिहून द्या: सव्वासहा, साडेबारा, पावणेएकोणीस. सुताचाही फरक नको म्हणावं.

पण थांबा, तुमचं २५ इंच हे माप कुठं घेतलेलं आहे? बहुतेक घरासमोरच्या सिमेंटच्या गट्टूवर, रिकाम्या गाडीचं. पाण्याची टाकी भरली, सामान चढलं की गाडी कमानींवर थोडी बसते. शंभर लीटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. उलट धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेला उतारावर गाडी उभी केली तर दाराची बाजू तीन-चार इंच वर जाऊ शकते. म्हणून यजमानांना टेप घेऊन एक रविवार बाहेर काढा. गाडी प्रवासाला भरतो तशी भरायची, आणि तुम्ही खरोखर जिथं थांबाल अशा दोन-तीन जागी माप घ्यायचं: पेट्रोल पंपावर, खिंडसी तलावाच्या काठावर, कुणा ओळखीच्याच्या शेतात. सगळ्यात जास्त आलेलं आणि सगळ्यात कमी आलेलं माप लिहून ठेवा. पायरीचे पाय तेवढ्या अंतरात कमी-जास्त व्हायला हवेत.

शेत म्हटलं की माझी गोष्ट सांगणं आलं.

आम्ही कॅरव्हॅन केली तेव्हा मी आईसाठी एक चांगली दिसणारी तयार पायरी घेतली. घडी होणारी, दोन पायदानांची, चार बारीक पाय. वजनाची मर्यादा दीडशे किलो लिहिलेली होती आणि आई होती बावन्न किलोची. मी निर्धास्त होते. जानेवारीत काटोलच्या बाजूला एका नातलगाच्या संत्र्याच्या बागेत हुरड्याला गेलो. दोन दिवस आधी अवकाळी पाऊस पडून गेला होता. वरून माती सुकल्यासारखी दिसत होती, कडक पापडी आलेली. आई सकाळी चढली, उतरली, काही झालं नाही. दुपारी हुरडा खाऊन ती चढायला लागली आणि दुसऱ्या पायदानावर उभी असताना पुढचा डावा पाय वीतभर आत गेला. आवाज झाला नाही, काही नाही. पायरी कलली आणि आई बाजूला, कुशीवर. मनगट मोडलं. वजनाच्या मर्यादेचा इथं काही संबंधच नव्हता. पायरी मोडली नव्हतीच, खालची जमीन गेली होती. ज्याच्याकडे मी नंतर नवी करायला गेले तो कारागीर जुनी हातात घेऊन एवढंच म्हणाला, "बाई, हिचे पाय पहा ना, खिळे आहेत हे. काळ्या मातीत घुसूनच राहिले असतील."

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. परदेशी पायऱ्या सिमेंटच्या किंवा खडीच्या तळांसाठी केलेल्या असतात. आपल्याकडे विदर्भात झाडाखाली, बांधाला, तळ्याकाठी गाडी लावायची म्हणजे खाली काळी माती येणारच. उपाय फार साधा आहे. एक इंची चौकोनी पाईपचा पाय जमिनीवर एक चौरस इंच जागा व्यापतो. त्याच्या तळाला सहा बाय सहा इंचांची लोखंडी पट्टी जोडली की जागा होते ३६ चौरस इंच. तेवढंच वजन ३६ पट जागेवर पसरतं आणि पाय घुसत नाही. ओल जास्त असेल तर दोन्ही पुढच्या पायांखाली एक अख्खी फळी टाकायची. आम्ही फूटभर रुंद, अडीच फूट लांब प्लायचा तुकडा कायम गाडीत ठेवतो. उंचीत इंचभर फरक उरला तर तोही या फळीनं भरून निघतो.

आता कारागिराला काय सांगायचं ते. हिंगणा एमआयडीसीत किंवा वाडीच्या बाजूला फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत, जो गाड्यांच्या बॉडीचं काम करतो त्याला गाठा. ग्रिल-गेटवाला नको, त्याला गाडी हलते हे लक्षात राहत नाही. सांगाडा एक इंची चौकोनी पाईपचा, १६ गेजचा. चार पाय, पाईपच्या आत पाऊण इंची पाईप सरकणारा, इंचाइंचावर भोकं आणि आरपार पिन. पिनेला साखळी लावून घ्या, नाहीतर पहिल्याच मुक्कामात हरवते. पायदान निदान ११ इंच खोल, म्हणजे अख्खं पाऊल टाचेसकट मावेल, आणि रुंदी दोन फूट, म्हणजे दोन्ही पावलं शेजारी ठेवून क्षणभर उभं राहता येईल. सासूबाई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवून मगच पुढं जातील, त्यांना तशी जागा हवी.

वरच्या टोकाला दोन हुक करून घ्या आणि उंबऱ्याखाली त्यांच्यासाठी खाचा असलेला अँगल लावा. हुकाचं काम पायरी सरकू न देणं एवढंच. वजन पायांनी घ्यायचं. म्हणून खाच जरा ढिली, अर्धा इंच वर-खाली खेळ राहील अशी ठेवा. आत कुणी चाललं की गाडी कमानींवर हलते. हुक घट्ट असेल तर पायरीही तिच्याबरोबर उचलली जाईल आणि नेमकं तेव्हाच कुणाचा तरी पाय तिच्यावर असेल. अँगल लावताना चॅसीला नवी भोकं पाडू देऊ नका, असलेल्या भोकांचा किंवा बॉडीच्या आडव्या पट्टीचा आधार घ्या. गाडी धावत असताना बॉडीच्या बाहेर काहीही डोकावत राहता कामा नये. कॅरव्हॅन केल्याची नोंद आरसीवर झाली असेलच. नसेल तर ते काम पायरीच्याही आधीचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि उद्या काही झालं तर विमावाले पहिलं तेच विचारतील.

ठेवायचं कुठं, हा यजमानांचा प्रश्न. मागचे दोन लांब पाय सुटे होणारे करा. ते काढले की उरलेला भाग पलंगाखाली आडवा जातो. माझी पायरी साडेतेरा किलो भरते. ती मी एकटी उचलते, पण कंबरेतून वाकत नाही. पलंगाखाली तिला पट्ट्यानं बांधा. समृद्धीवर कचकन ब्रेक लागला तर साडेतेरा किलो लोखंड कुणाच्या तरी घोट्यावर येईल.

पायदानाचा वरचा भाग कशाचा करायचा यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय, कारण ही गोष्ट कुठल्याच कॅटलॉगात सापडत नाही. ते बनवणारे धरून चालतात की माणूस बूट घालून गाडीत शिरतो. आपण शिरतो का? आपण चपला खाली काढतो आणि अनवाणी चढतो. सासूबाई तर नक्कीच, गाडीत देव्हारा असेल तर बोलायलाच नको. मग ती वाळूच्या कागदासारखी खरखरीत अँटी-स्किड पट्टी त्यांच्या पावलांना किसणीसारखी लागते. चेकर्ड प्लेटचे, म्हणजे नक्षीदार लोखंडी पत्र्याचे, उंचवटे रुतायला लागले की माणूस पाऊल पुरतं टेकवत नाही, कडेवर तोल धरतो. आणि आपलं ऊन! मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उघडं लोखंड दुपारी तव्यासारखं असतं. चटका बसला की माणूस पाय झटकन उचलतो, आणि पायरीवर झटकन काहीही करणं म्हणजे पडणं.

मी सागाच्या पट्ट्या लावून घेतल्या. अडीच-अडीच इंच रुंद, मध्ये दोन सूत फट, म्हणजे पाणी आणि माती खाली गळून जाते. वरून आडव्या उथळ खाचा मारल्या की ओल्या पायाला पकड मिळते. लाकूडही तापतं, पण पायाला लोखंडासारखा चटका देत नाही. सागाच्या मुलखात राहून प्लास्टिकवर कशाला चढायचं? आपल्या बल्लारपूरचं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं. तुमच्या पायरीला तर वखारीतले उरलेले तुकडे पुरतील. वर पॉलिश करू नका, साधं तेल पाजा. पॉलिशवर ओला पाय घसरतो.

साडीचंही बघायला हवं. सासूबाई पाचवारी नेसत असोत की नऊवारी, निऱ्यांमुळे त्यांना उतरताना स्वतःचं पाऊल दिसत नाही, आणि काठ कुठं ना कुठं अडकतो. घडीच्या पायऱ्यांना कात्रीसारखे सांधे असतात, त्यात पदराचा काठ अडकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तुमच्या पायरीला बाजूनं बाहेर आलेला एकही नट, पिन किंवा धारदार टोक नको. पिना आतल्या बाजूनं घाला. पायदानांच्या मागची उभी फट पातळ पत्र्यानं किंवा प्लायनं झाका, म्हणजे पाऊल पुढं घुसत नाही आणि काठही आत जात नाही. कारागीर म्हणेल, याची काय गरज आहे? त्याला म्हणा, तुझ्या आईला साडी नेसून चढव आणि मग सांग.

चपला कुठं काढायच्या तेही ठरवा. पायरीच्या पायथ्याशी पाच जोड पडलेले असतात आणि रात्री उतरणारा पहिला पाय त्यांच्यावरच पडतो. बाजूला एक उथळ ट्रे ठेवा, पायरीच्या रेषेत नको. सकाळी चपला झटकून घाला, पायरीखाली बॅटरी मारून बघा. रानात, शेतात विंचवाला अशी सावलीची जागा फार आवडते.

आता इलेक्ट्रिकचं. मुलाची हौस मी समजू शकते, आजीसाठी काहीतरी करावं असं त्याला वाटतंय, त्याचं कौतुक करा. थूलसारख्या कंपन्यांच्या अशा पायऱ्या परदेशात सर्रास बसवतात. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर छोटी मोटर चालते आणि पायदान बाहेर येतं. पण ते लटकतं चॅसीखाली. बहुतेकदा एक, फार तर दोन पायदानं मिळतात, आणि ती जमिनीपासून किती वर राहतील ते गाडी कुठं उभी आहे त्यावर ठरतं. तुमच्या २५ इंचांत तिनं एक टप्पा दिला तरी पाऊल बारा-तेरा इंचांचंच राहणार. म्हणजे पैसे गेले आणि मूळ दुखणं तसंच. पावसाळ्यात चाकानं उडवलेला चिखल सांध्यात बसून सुकला की मोटर कण्हायला लागते. बाहेर आलेली पायरी आत गेलीच नाही तर गाडी हलवता येत नाही, रात्री रस्त्याच्या कडेला पान्हे घेऊन खाली झोपावं लागतं. तरुण माणसांना ती सोयीची आहे, पटकन आत-बाहेर करायला. तुमच्या घरची गरज वेगळी आहे.

मुलाला नवीन काही बघायचंच असेल तर अमेरिकेतल्या लिपर्टची सॉलिडस्टेप किंवा मोराइडची स्टेपअबव्ह बघायला सांगा. या पायऱ्या दारातच बसवलेल्या असतात, उघडल्या की खाली येऊन स्वतःच्या पायांवर जमिनीवर टेकतात, आणि ते पाय कमी-जास्त होतात. मागवायची गरज नाही. त्या बघितल्या की वजन जमिनीवर टेकण्याचं महत्त्व त्याला आपोआप पटेल, आणि कारागिराकडे तोच तुमच्या बाजूनं बोलेल.

आता दांडा. पायरी कितीही चांगली असली तरी हाताला काही नसेल तर सासूबाई चढणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. दाराच्या चौकटीला बाहेरून एक उभा दांडा हवा, दोन फूट तरी लांब. त्याचं खालचं टोक जमिनीवर उभं राहून हाती लागावं आणि वरचं टोक आत पोचल्यावरही हातात असावं. मधेच हात सोडून दुसरीकडे धरायची वेळ येऊ नये. जाडी मुठीत बसेल एवढी, दीड इंच. फार बारीक असला तर सांधेदुखीच्या बोटांना आवळता येत नाही. दांडा नुसत्या पत्र्याला स्क्रूनं लावू देऊ नका. आतल्या पाईपला आरपार बोल्ट, मागून पट्टी आणि नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यांनी ढिला न होणारा. लावून झाला की यजमानांना त्याला धरून पूर्ण वजनानं लोंबकळायला सांगा. पत्रा जरासुद्धा हलला तर परत करायला लावा. वर सुती पट्टी गुंडाळा, उन्हात हात भाजणार नाही. दुसरा दांडा पायरीलाच एका बाजूनं, प्रत्येक पायदानापासून तीन फूट उंचीवर, खोबणीत बसणारा आणि काढता येणारा.

दार बाहेर उघडणारं असेल तर आणखी एक बघा. वरच्या पायदानावर उभं राहून दार ओढलं तर ते अंगावर येतं आणि माणूस मागे रेलतो. दार आधी कुणीतरी उघडून खिटीला अडकवायचं, मगच सासूबाईंनी पायरीवर पाय ठेवायचा. वारा असला तर ही खिटी फार महत्त्वाची.

चढायची-उतरायची पद्धत फिजिओथेरपिस्ट शिकवतात तीच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. सासूबाईंच्या बाबतीत वर जाताना डावा, खाली येताना उजवा. आणि उतरताना त्यांना तोंड गाडीकडे करून उतरू द्या, ट्रॅक्टरवरून उतरतात तसं. सुरुवातीला त्यांना ते विचित्र वाटेल. पण त्यात एक मोठी सोय आहे. चढताना ज्या हातात दांडा होता त्याच हातात उतरतानाही राहतो. तोंड बाहेर करून उतरलं तर बाजू उलटते आणि नेमका कमजोर हात दांड्यावर येतो. कुणी मदतीला उभं राहणार असेल तर त्यांच्या मागे, एक पायरी खाली. वरून हात देऊन ओढू नका. ओढलेल्या माणसाचा तोल त्याच्या हातात राहत नाही.

गाडी उभी करतानाच थोडा विचार केला तर निम्मं काम होतं. आपल्याकडे दार डाव्या बाजूला. दुपारी मुक्काम असेल तर गाडीचं नाक दक्षिणेला करा, दार पूर्वेला येतं आणि पायरी गाडीच्याच सावलीत राहते. हँडब्रेक, गिअर, चाकांखाली लाकडी ठोकळे, आणि मगच पायरी लावायची. रात्रीसाठी उंबऱ्याखाली छोटा पिवळसर दिवा, पायदानांवर पडेल असा. डोळ्यांवर येणारा पांढरा झगझगीत दिवा मोतीबिंदूवाल्याला आंधळं करतो.

निघताना पायरी बाहेरच विसरणं हे सगळ्यांच्या हातून एकदा होतं. आम्ही पायरी लावली की स्टेअरिंगला लाल फडकं बांधतो, आणि ती आत जाऊन पट्टा लागेपर्यंत ते सोडत नाही. सासूबाईंना हे फडक्याचं काम द्या. माझी आई मनगट बरं झाल्यावर दीड वर्षानं परत गाडीत बसली ती या फडक्याची मालकीण होऊनच, आणि माझ्या नवऱ्याला तिच्या परवानगीशिवाय चावी फिरवायची सोय उरली नाही.

तीन आठवड्यांचा हिशेब असा धरा. या रविवारी मापं, सोमवारी दांडा आणि पायरीचं काम टाका. आठवड्याभरात सांगाडा तयार होईल. रंग लगेच देऊ नका. आधी तसाच कच्चा सांगाडा घरी आणा, पट्ट्या बसवा, आणि तुम्ही स्वतः वीस लीटरचा पाण्याचा जार घेऊन अनवाणी चढून-उतरून बघा. वरच्या पायदानाच्या अगदी पुढच्या कडेवर उभ्या राहा. कुठं करकरलं, डुगडुगलं तर कारागिराकडे परत. मग सासूबाई. घाई न करता, सकाळी गुडघे आखडलेले असतात तेव्हा नको, संध्याकाळी चहा झाल्यावर. चार दिवस रोज दोनदा, कुठं जायचं नसताना. एखादं पायदान त्यांना उंच वाटलं तर ते आताच बदलता येईल.

रंग शेवटी. सांगाड्याला कोणताही द्या, पण प्रत्येक पायदानाच्या कडेला दोन इंचांची पिवळी पट्टी हवीच. दुकानातून दोन-तीन छटांचे छोटे डबे आणा, लाकडाच्या एकेका तुकड्यावर लावा आणि दिवेलागणीला सासूबाईंसमोर जमिनीवर ठेवा. त्यांना जी सगळ्यात आधी दिसेल तीच लावा.